वनस्पतींचे वावडे आणि मुलांची त्वचा

जून महिन्यात शाळा उघडते, मृगाच्या सरी पडतात, आणि दोन-तीन आठवड्यांत शाळेचे आवार, रस्त्यांच्या कडा व ओढ्यांचे काठ हिरवेगार होतात. त्याच सुमारास वर्गात एखादा मुलगा हात खाजवीत बसलेला दिसतो, एखाद्या मुलीच्या पापण्या सुजलेल्या असतात, कोणाच्या मानेवर तांबडे चट्टे उठतात. घरी याविषयी नाना तर्क चालतात. कोणी म्हणतो अंगातील उष्णता वाढली. कोणी म्हणतो वांगे बाधले. कोणी रक्त बिघडले असे ठरवून कडू काढे पाजतो. वर्गसोबती तर याहूनही पुढे जातात. आपणांसही ते लागेल या भीतीने ते त्या मुलाशेजारी बसावयाचे टाळतात, आणि बिचारे मूल खाजेने नव्हे तर लाजेने शाळा चुकवू लागते. इतका सारा गोंधळ चाललेला असता खरा अपराधी पुष्कळदा कुंपणापाशी वाऱ्यावर डुलत असतो!

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील मुलांचा वनस्पतींशी संबंध शहरातील मुलांहून कितीतरी निकटचा आहे. घोडनदीच्या व भीमेच्या काठची मळे-शेते, कालव्यांच्या पाण्यावर वाढणारा ऊस, माळावरील कुसळी गवत, बांधावरची रुई आणि आगगाडीच्या रुळांलगत माजलेले तण यांतूनच त्यांची शाळेची वाट जाते. यांपैकी कोणत्या वनस्पतीने त्वचेस काय होते, आणि मुलाच्या अंगावर काही उठले असता त्याचे कारण कसे शोधावे, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दाह आणि वावडे

प्रथम एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. वनस्पतींमुळे त्वचेस होणारी पीडा मुख्यत्वेकरून दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात वनस्पतीच मुळात बोचरी किंवा जहाल असते. तिचा स्पर्श ज्यास होईल त्यास ती त्रास देते. तेथे गरीब-श्रीमंत, लहान-थोर असा भेद नाही. यास आपण दाह म्हणू. दुसऱ्या प्रकारात वनस्पती दहांपैकी नऊ जणांस काहीच करीत नाही, परंतु दहाव्यास तिचा नुसता वारा लागला तरी सोसत नाही. यास आपल्या भाषेत वावडे हा फार चांगला शब्द आहे. आजकाल सर्वत्र ज्यास ॲलर्जी म्हणतात ते हेच. ॲलर्जी हा शब्द १९०६ साली ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम योजिला.

वावडे कसे उत्पन्न होते? आपल्या शरीरात रोगजंतूंपासून संरक्षण करणाऱ्या पेशींची एक फौज असते. गावच्या वेशीवरील जागल्याप्रमाणे ती प्रत्येक परक्या वस्तूची ओळख ठेविते. कधीकधी हा जागल्या एखाद्या निरुपद्रवी पांथस्थासच चोर समजून बसतो. पुढे तो पांथस्थ पुन्हा वेशीशी आला की आरडाओरडा करून सारा गाव जागा करतो. त्वचेवर येणारी लाली, सूज, पुरळ, पाणी धरलेले फोड व खाज हा सर्व त्या आरडाओरड्याचा परिणाम होय.

या दृष्टांतावरून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, पहिल्याच भेटीत वावडे प्रकट होत नाही. ओळख पटण्यास निदान दहा-पंधरा दिवस लागतात, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षांचा सहवास घडल्यावर एके दिवशी अचानक ते सुरू होते. म्हणून "इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे होईल?" हा पालकांचा नेहमीचा प्रश्न सयुक्तिक नाही. दुसरी गोष्ट अशी की, वावडे जडल्यानंतरही स्पर्श होताच पुरळ उठत नाही. साधारणतः एक ते तीन दिवस जावे लागतात. सोमवारी झालेल्या स्पर्शाचे फळ बुधवारी दिसते. त्यामुळे बुधवारी सकाळी जे खाल्ले त्यावर सारा दोष येतो, आणि सोमवारी जे हाताळले ते कोणास आठवतही नाही. वनस्पतींचे वावडे ओळखण्यात लोक चुकतात त्याचे मुख्य कारण हेच.

दाह करणाऱ्या वनस्पती

या वर्गात प्रथम उसाची कूस. उसाच्या पानांच्या देठांकडील भागावर बारीक ताठ लव असते. पाचट काढताना ती अंगात रुतते आणि तत्काळ खाज सुटते. बाजरीच्या मळणीत उडणारी कुसे व माळावरील कुसळे यांचीही तीच गत. येथे वावड्याचा संबंध नाही. ती काढून टाकून अंग धुतले की काम भागते.

खाजकुयली सर्वांस ठाऊक आहे. तिच्या शेंगांवरील सोनेरी-तपकिरी लव त्वचेत शिरते, आणि तिच्यात असलेल्या द्रव्यामुळे असह्य खाज सुटते. काही खोडकर मुले ती सोबत्याच्या सदऱ्यात टाकतात. ही थट्टा अत्यंत वाईट आहे, कारण लव डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होऊ शकते. कुयली लागली असता अंग चोळू नये. चोळल्याने लव अधिक आत जाते. चिकटपट्टी हलकेच लावून लव उचलून काढावी व नंतर पुष्कळ पाण्याने धुवावे.

रुई, शेर व निवडुंग यांचा चीक त्वचेस भाजल्यासारखे करतो, परंतु त्याचे खरे भय डोळ्यांस आहे. शनिवारी मारुतीस घालण्यासाठी रुईच्या पानांची माळ करताना मुलांच्या बोटांस चीक लागतो, आणि तेच बोट नकळत डोळ्याकडे जाते. असे झाल्यास घरगुती उपायात वेळ न दवडता डोळा स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पुष्कळ वेळ धुवावा व त्वरित डॉक्टरांकडे जावे. दृष्टी मंद झाली आहे असे सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ध्यानात येण्यापूर्वीच हे झाले पाहिजे.

लिंबाची तऱ्हा याहून निराळी. लिंबाच्या सालीत व रसात अशी काही द्रव्ये असतात की ती अंगावर असता ऊन लागले म्हणजे त्वचा भाजते. सरबत करताना ओघळलेला रस तसाच ठेवून मूल उन्हात खेळावयास गेले, तर एक-दोन दिवसांनी मनगटावर ओघळाच्याच आकाराचा लाल, चुरचुरणारा पट्टा उठतो व पुढे कित्येक आठवडे तेथे काळा डाग राहतो. असा डाग पाहून मुलास कोणी मारले की काय अशी शंकाही घेतली जाते! लिंबू पिळल्यावर हात धुणे एवढाच यावर उपाय आहे.

बिब्बा व आंबा

आता खऱ्या वावड्याकडे वळू. चांगल्या कामात कोणी विघ्न आणले म्हणजे त्याने बिब्बा घातला असे आपण म्हणतो. ही म्हण ज्या फळावरून पडली त्याचा गुणच तसा आहे. बिब्ब्याच्या सालीतील काळे तेल अंगास लागले की फोड येतात, आणि एकदा वावडे जडले की पुढे किंचित लागले तरी अंग सुजते. तरीही आपल्याकडे काटा मोडल्यावर, टाचेस भेगा पडल्यावर बिब्बा लावण्याची चाल आहे. लहान मुलांच्या कोवळ्या त्वचेवर हा प्रयोग कदापि करू नये.

बिब्ब्याची एक गोष्ट कारणशोधनाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. पूर्वी धोबी लोक कपड्यांवर न पुसणारी खूण करण्याकरिता बिब्ब्याचे तेल वापरीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर चमत्कारिक चट्टे उठू लागले. ते सर्वांगावर नव्हते. कपड्यावरील धोब्याची खूण जेथे अंगास लागे, नेमके त्याच जागी होते. हे ध्यानात येताच कारण सापडले, आणि १९४३ साली तेथील डॉक्टरांनी ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुरळ कोठे उठले आहे या एका प्रश्नाने केवढे कोडे सुटले हे यावरून दिसून येईल.

आंबा हा बिब्ब्याचाच कुळबंधू आहे. काजूही त्याच कुळातला. आंब्याच्या देठाशी असणाऱ्या चिकाचे कित्येकांस वावडे असते. चैत्र-वैशाखात मुलांच्या ओठांभोवती जे पुरळ येते, ते आंब्याच्या उष्णतेने आले असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः गरापेक्षा सालीचा व देठाचा चीक बहुधा कारण असतो. आंबे खाण्यापूर्वी पाण्यात घालून ठेवावयाचे व देठाकडील चीक पिळून टाकावयाचा ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत या दृष्टीने फार शहाणपणाची होय. ज्या मुलास असे पुरळ येते त्यास आंबा धुऊन, साल काढून, फोडी करून द्यावा.

गाजरगवत

परंतु आपल्या जिल्ह्यात ज्याविषयी सर्वांत अधिक सांगितले पाहिजे ती वनस्पती म्हणजे गाजरगवत होय. कोणी यास काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. नाव गवत असले तरी हे गवत नव्हे, आणि गाजराशीही याचे नाते नाही. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात एवढेच. हे शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातील असून शास्त्रीय परिभाषेत यास पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे नाव आहे. झाड कमरेइतके, कधी पुरुषभरही वाढते. शेंड्यावर शाबूदाण्याएवढी पांढरी फुले गुच्छाने येतात. एका चांगल्या वाढलेल्या झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बी तयार होते, आणि उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलावर येते. यावरून त्याचा प्रसार किती झपाट्याने होत असेल याची कल्पना करावी.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. हिंदुस्थानात ती वाढत असल्याची शास्त्रीय नोंद प्रथम आपल्या पुण्यातूनच झाली. १९५५ साली पुण्यात दिसलेल्या या झाडाविषयी वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर बी आले असावे असे सामान्यतः मानले जाते. तेथून रस्ते, रूळ, कालवे व धान्याची वाहतूक यांच्या आधाराने ते साऱ्या देशभर पसरले. त्यामागोमाग लोकांच्या अंगावर इसब उठू लागले, आणि त्याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधण्याचे कामही पुण्यातच झाले. १९७४ साली पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांसमवेत या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ज्या वनस्पतीने आपल्या जिल्ह्यात प्रथम पाय रोवला, तिचा अपराधही आपल्याच जिल्ह्यात उघडकीस आला असे म्हणावयास हरकत नाही.

गाजरगवतातील दोषी द्रव्याचे नाव पार्थेनिन. पाने, खोड व फुले यांवरील सूक्ष्म लवेत ते साठलेले असते. झाड वाळले तरी हे द्रव्य नाहीसे होत नाही. उलट वाळलेल्या झाडाचा भुगा धुळीबरोबर उडतो, आणि ज्याने ते झाड हातात धरलेही नाही त्याच्या पापण्यांवर, गालांवर, मानेवर, कोपराच्या व गुडघ्याच्या वळणांत जाऊन बसतो. वडील शेतातून आले, त्यांनी सदरा खुंटीस टांगला, आणि मुलाने तो ओढून घेतला, एवढ्यानेही संपर्क घडू शकतो. हे वावडे लहान मुलांपेक्षा शेतात वर्षानुवर्षे खपणाऱ्या प्रौढांत अधिक आढळते हे खरे. परंतु मुले त्यातून अगदीच सुटलेली नाहीत, आणि ज्यांच्या घराण्यात दमा, सर्दी किंवा इसब यांची प्रवृत्ती आहे अशा मुलांची विशेष काळजी घ्यावी. गाजरगवताचे वावडे असणाऱ्यास त्याच कुळातील शेवंतीसारख्या फुलांचाही त्रास होऊ शकतो, हेही ध्यानी ठेवावे.

कारण कसे शोधावे

मुलाच्या अंगावर पुरळ उठले असता पालकांनी पुढील पाच प्रश्न स्वतःस विचारावेत व उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.

पहिला प्रश्न, कोठे? हात, पावले, पिंढऱ्या या उघड्या भागांवर उठले तर हाताळलेल्या किंवा तुडवलेल्या वस्तूचा संशय घ्यावा. चेहरा व मान यांवर उठले तर हवेतील धुळीचा. येथे एक बारीक खूण उपयोगी पडते. नुसत्या उन्हाने चेहरा भाजला असेल, तर वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग व कानामागची जागा बहुधा वाचते, कारण तेथे सावली असते. धुळीस मात्र सावली अडवीत नाही. म्हणून याही जागा लाल झाल्या असतील तर उडणाऱ्या भुग्याकडे लक्ष द्यावे.

दुसरा प्रश्न, केव्हा? स्पर्श होताच खाज सुटली तर कूस, कुयली किंवा चीक. एक-दोन दिवसांनी उठले तर वावडे. म्हणून वहीत आजची नव्हे, तर मागील तीन दिवसांची हकिकत लिहावी. मूल कोठे खेळले, काय तोडले, कोणत्या वाटेने आले, हे सर्व त्यात यावे.

तिसरा प्रश्न, आकार कसा? वनस्पती अंगावर घासून गेली असेल तर पुरळ रेघेत उठते. रस ओघळला असेल तर ओघळासारखे दिसते. चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचे असेल तर वनस्पतीस दोष न देता चपलेकडे पाहावे. खोट्या दागिन्याखाली किंवा टिकलीखाली उठले असेल तर त्या वस्तूकडे पाहावे.

चौथा प्रश्न, कोणाकोणास? एकाच दिवशी वर्गातील पाच-दहा मुलांस झाले असेल तर बहुधा दाह, किंवा एखाद्या किड्याचा उपद्रव. पावसाळ्यात शेवग्याच्या झाडावर केसाळ सुरवंट होतात. त्यांचे केस अंगास लागून पुरळ उठते आणि झाडाची विनाकारण बदनामी होते. एकाच मुलास पुनःपुन्हा होत असेल तर वावड्याचा संभव अधिक.

पाचवा प्रश्न, सुटीत काय होते? दिवाळीच्या सुटीत मूल मामाच्या गावी गेले असता बरे झाले आणि परत येताच पुन्हा उठले, तर कारण इकडे आहे. सुटीत वाढले तर तिकडे आहे.

हे प्रश्न कसे कामास येतात ते एका कल्पित उदाहरणाने दाखवितो. समजा, एका मुलीच्या पापण्यांवर व मानेवर पावसाळाभर चट्टे येत आहेत. आईने तिची अंडी बंद केली, वांगी बंद केली, शेंगदाणेही बंद केले. मुलगी वाळली, चट्टे तसेच. मग वही ठेविली. महिन्याभराने दिसून आले की चट्टे बहुतकरून मंगळवारी व बुधवारी भडकतात, आणि रविवारी ती वडिलांबरोबर मळ्यात जाते. मळ्याची वाट कालव्याच्या काठाने असून काठावर दोन्ही बाजूंस पांढऱ्या फुलांचे रान आहे. दोन रविवार ती घरी राहिली आणि ते दोन आठवडे बरे गेले. एवढ्याने गाजरगवताचा अपराध सिद्ध झाला असे नव्हे, परंतु संशय कोणावर घ्यावा हे कळले, आणि वांग्याची निर्दोष मुक्तता झाली. अशी वही डॉक्टरांपुढे ठेविली असता त्यांचे अर्धे काम होते.

वावडे नसलेले विकार

खाजणारा प्रत्येक चट्टा वावड्याचा नसतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती बारीक फोड आहेत, आणि घरातील इतर माणसेही खाजवीत आहेत, तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. ती सूक्ष्म किड्यामुळे होते व एकापासून दुसऱ्यास लागते. म्हणून घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावयाचे असते. कडा उंचावलेले, मधे निवळत जाणारे वाटोळे चट्टे बहुधा गजकर्णाचे. अंगावर गांधी उठून काही तासांत नाहीशा झाल्या व दुसरीकडे उठल्या तर ते पित्त होय.

वनस्पतीच्या वावड्याने उठलेले पुरळ मात्र कोणासही लागत नाही. फोडातील पाण्यानेही ते पसरत नाही. अशा मुलाच्या बाकावर बसण्यास, त्याचा हात धरण्यास किंवा त्याच्या डब्यातील भाकरी खाण्यास काडीचीही हरकत नाही. विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य तुम्ही विशेष ध्यानात ठेवावे अशी आमची इच्छा आहे. आपला सोबती आधीच खाजेने त्रस्त असता आपण त्यास दूर सारावे, हे अज्ञानाचे लक्षण तर आहेच, परंतु मोठे निर्दयपणाचेही आहे.

परीक्षा व उपचार

संशय पक्का करण्याची रीत डॉक्टरांच्या हाती आहे. १८९५ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी ती प्रचारात आणिली. संशयित द्रव्ये अत्यल्प व ठराविक प्रमाणात लहान चकत्यांत घालून पाठीवर चिकटवितात, दोन दिवस तशीच ठेवितात, आणि काढल्यावर व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. ज्या द्रव्याखाली लाली व पुरळ उठेल त्याचे वावडे ठरते. पुण्यास ससून रुग्णालयात त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील किंवा अन्य त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पालाच घासून पाहू, असा प्रयोग मात्र घरी करू नये. ताज्या पाल्यातील द्रव्याचे प्रमाण आपणांस ठाऊक नसते. त्यामुळे मोठे फोड येऊ शकतात, आणि नव्हते ते वावडे जडूही शकते.

संशयित वनस्पतीचा स्पर्श झाला असता ताबडतोब साबण व पाण्याने अंग धुवावे, नखे स्वच्छ करावीत, कपडे बदलून धुवावयास टाकावेत. पुरळ उठल्यावर थंड पाण्याची ओली घडी ठेवल्याने आराम पडतो. लिंबू, राख, रॉकेल, कढत पाणी यांनी उपाय न होता अपाय होतो. औषधाच्या दुकानातून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणलेली मलमे तर विशेष टाळावीत. त्यांपैकी कित्येकांत तीव्र स्टेरॉइड असते. प्रथम जादू झाल्यासारखे वाटते, परंतु चेहऱ्याची त्वचा पातळ होते व गजकर्ण असेल तर ते पसरते. डोळे सुजून बंद झाले, पू धरला, ताप आला किंवा श्वासास त्रास होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

शाळेचे आवार

शेवटी शाळेच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात जबलपूर येथील तणसंशोधन संस्थेच्या प्रेरणेने देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्या उत्साहात अर्ध्या चड्डीतील व उघड्या हातांच्या मुलांच्या रांगा करून त्यांजकडून फुलांनी डवरलेले गाजरगवत उपटविणे म्हणजे ज्या रोगापासून त्यांस वाचवावयाचे त्याचीच त्यांस ओळख करून देणे होय. वावडे सहवासाने जडते हे वर सांगितलेच आहे.

योग्य मार्ग असा. पहिला पाऊस पडून रोपे वीतभर झाली, पण कळी आली नाही, अशा वेळी जमीन ओली असताना मोठ्या माणसांनी हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ती मुळासकट काढावीत. फुलावर न आलेली रोपे खतासाठी कुजविता येतात. फुललेले व वाळलेले झाड हलवू, झोडपू अथवा जाळू नये. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्यासारखी दाट वाढणारी वनस्पती येऊ दिली तर गाजरगवतास पुन्हा डोके वर काढणे कठीण जाते. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूर येथे आणलेला व १९८४ साली मोकळा सोडलेला एक लहान भुंगेराही पावसाळ्यात या झाडाची पाने खाऊन शेतकऱ्यांस साहाय्य करतो. त्यास मुलांनी मारू नये.

मग मुलांनी काय करावे? त्यांच्यासाठी याहून मोलाचे काम आहे. आवाराचा नकाशा काढावा. कोणत्या कोपऱ्यात कोणती वनस्पती आहे, ती केव्हा उगवते, केव्हा फुलते, हे लिहावे. रोप दिसताच शिक्षकांस कळवावे. वनस्पतिशास्त्राच्या तासास नमुना आणावयाचा तो प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतून आणावा. घरी जाऊन आईवडिलांस सांगावे की शेतातील कपडे निराळे टांगावेत आणि काम संपताच हातपाय धुवावेत. डोळे उघडे ठेवून पाहणे, पाहिलेले लिहून ठेवणे, आणि पुरावा मिळण्यापूर्वी कोणासही दोषी न ठरविणे, मग ते वांगे असो, शेवग्याचे झाड असो की बाकावरील सोबती असो, हीच शास्त्राची रीत आहे. ती अंगी बाणली तर अंगावरील पुरळ तर जाईलच, परंतु मनातील पुष्कळसे गैरसमजही त्याबरोबर निघून जातील.